डोंगरावरची डिश आणि स्लॅबवरचं पिवळं लुगडं

आमच्या डोंगरावर दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साचतात. एक धूळ, दुसरे किस्से. धुळीचं मी बघते, कारण झाडू माझ्याच हातात असतो. किस्से मात्र कोणी झाडत नाही, ते कोपऱ्याकोपऱ्यात पडून राहतात. परवा माहेरी तलवाड्याला गेले, तर मैत्रिणींनी ओसरीवरच धरलं.

"सोने, त्या डोंगरावर तू नेमकं करतीस तरी काय गं?"

म्हटलं, "चहा करते."

"कुणाला? मंगळावरच्या माणसांना?"

म्हटलं, बसा. आता सांगूनच टाकते.

आधी जागा सांगते. शिरूर कासारपासून आत, आमच्या गावाच्या डोक्यावर एक बोडका डोंगर आहे. त्यावर एका संस्थेनं डिश बसवली. टीव्हीच्या डिशसारखीच, पण तिच्यात आमचं अख्खं घर गोठ्यासकट बसेल! ही डिश काही बोलत नाही, नुसतं ऐकते. मंगळाभोवती, चंद्राभोवती वेगवेगळ्या देशांची यानं फिरत असतात. त्यांचा रेडिओचा आवाज ही धरते. आणि त्या आवाजावरून तिथली हवा कशी आहे, कुठल्या चंद्राचं वजन किती, असलं काय काय काढतात.

वर आम्ही चौघं. सरदेसाई मॅडम मोठ्या. पुण्याच्या, बोलणं मोजकं, चहा बिनसाखरेचा. इम्रानभाई दिंद्रुडचे, मशिनी सांभाळतात आणि मशीन बिघडली की तिच्याशी गोड बोलतात. बाप्पूमामा वॉचमन. त्यांचा जन्म मेंढरं राखण्यात गेला, त्यामुळं पलीकडच्या डोंगरावरचं मेंढरू कुणाचं हे इथून सांगतात. कधी कधी चुकीचं सांगतात, पण सांगतात! आणि चौथी मी, सोनाली. सातवी पास. चहा, जेवण, झाडलोट.

आता घरचं. माझी आरू. दीड वर्ष उलटून गेलं तरी चालत नव्हती. बसल्या बसल्या सरकायची, आणि अशी सरकायची की कोंबडी पकडायची! पण उभी केली की पाय दुमडून खाली. बीडच्या डॉक्टरांनी पाय बघितले, गुडघे बघितले, म्हणाले, "काही नाही. काही लेकरं उशिरा चालतात. वाट बघा."

वाट बघा म्हणणं सोपं हो. गल्ली बघू देते का? एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, "आई डोंगरावर आन् लेकरू जमिनीवर. चालायचं कुणाच्या बोटाला धरून?"

ते असं लागलं की मी मॅडमना सांगूनच टाकलं. "मॅडम, पाडव्यापर्यंत बघते. आरू चालली तर ठीक, नाहीतर काम सोडते."

मॅडम म्हणाल्या, "बरं."

मॅडमचं 'बरं' फार वाईट असतं. आणि खरं सांगू का, मलाही सोडायचं नव्हतं. लग्न झाल्यापासून मी 'अगं ए' होते, मग 'आरूची आई' झाले. सोनाली अशी हाक मला त्या डोंगरावरच मिळत होती.

*

डिशच्या जवळ फोन चालत नाही. मंगळावरून येणारा आवाज इतका बारीक असतो की शेजारी एखादा मोबाईल चालू असला की तो त्यात बुडूनच जातो. म्हणून पायथ्याला बाप्पूमामांच्या खोलीत एक लोखंडी पेटी आहे. फोन बंद करायचा, पेटीत टाकायचा, मग वर चढायचं. मॅडम असो नाहीतर मंत्री!

मंत्री नाही आले, पण आबा आले. आबा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. सोबत गाड्या, पोरं, हार. बाप्पूमामांनी पेटी उघडून दानपेटीसारखी पुढं धरली. आबांनी एक फोन टाकला, दुसरा टाकला. तिसरा आतल्या खिशात तसाच ठेवला आणि गुमान वर चढले.

वर मॅडम त्यांना पडद्यावर दाखवत होत्या, "ही बारीक रेघ म्हणजे मंगळाजवळच्या यानाचा आवाज." तेवढ्यात पडद्यावर भिंतच उभी राहिली! बारीक रेघ कुठल्या कुठं गायब.

इम्रानभाई ओरडले, "मॅडम, ये क्या आ गया?"

आबा पुढं सरकले. "काय सापडलं? काय सापडलं?"

मॅडमनी पडद्याकडं बघितलं, मग आबांच्या खिशाकडं बघितलं. आता पुढाऱ्याला तोंडावर खोटं कसं पाडायचं? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आबासाहेब, आमच्या डिशच्या हिशेबानं या घडीला सगळ्या आकाशात सगळ्यात मोठे तुम्हीच आहात. मंगळ तुमच्यापुढं दिसेनासा झालाय."

आम्हाला वाटलं, आता माणूस ओशाळून खिशात हात घालेल. आबांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं!

पुढच्या आठवड्यात शिरूरच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. हात जोडलेले आबा, मागं आमची डिश, आणि वर ही मोठाली अक्षरं: 'आकाशातही सर्वांत मोठे!'

इम्रानभाई फ्लेक्सखाली उभे राहून मॅडमना म्हणाले, "मॅडम, हे बी आपलंच संशोधन म्हणायचं ना?"

*

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांना सुरुवातीला माझं काम पटतच नव्हतं. एक दिवस भाकरी थापता थापता विचारलं, "ते यान बोलतंय तरी काय?"

म्हटलं, "काही नाही बोलत. नुसता एक सूर लावतं. ऊंऽऽऽ."

"आन् तेवढं ऐकाया ती बाई पुण्याहून येऊन ऱ्हायली?"

मग मी मॅडमनी मला सांगितलेलं त्यांना सांगितलं. यान आपल्याकडं येत असलं की सूर जरा चढतो, लांब जात असलं की उतरतो. घाटात गाडीचा हॉर्न ऐकून नाही का कळत, येतेय का जातेय ते? एखाद्या चंद्रानं यानाला थोडं ओढलं तरी सुरात फरक पडतो. ग्रहाच्या हवेतून आला तर वाकून येतो. म्हणजे सूर स्वतः काही सांगत नाही, पण तो कसा येतो त्यातच सगळं असतं.

मला वाटलं आता हसतील. तर भाकरी उलटून म्हणाल्या, "मग बराबर हाय की. तुझा सासरा जल्मभर नुसता 'हूं' म्हणला. दुसरा सबुद न्हाई. पर भूक लागलीया का, कुणाशी भांडून आलाय का, बाजारातून मला कायतरी आणून लपवून ठिवलंय का, समदं त्या हूंवरनं कळायचं. तुझ्या मॅडमला म्हणावं, कायी अडलं तर माझ्याकडं ये!"

मी हे मॅडमना सांगितलं. मॅडम हसल्या आणि ते वहीत टिपून ठेवलं.

आता डिश बघायला कॉलेजची पोरं आली की मॅडम खडू उचलतात आणि म्हणतात, "सुरुवातीला आपण यानाला सासरे समजू."

*

फोन पेटीत गेला आणि माझा जीव टांगणीला लागला. मी स्वभावानंच काळजीखोर. आरू झोपली असली तर नाकापुढं बोट धरून श्वास बघणारी मी! वर गेल्यावर दर थोड्या वेळानं डोंगर उतरायचा, पेटी उघडायची, फोन लावायचा, "आत्याबाई, खाल्लं का तिनं?" आणि परत चढायचं. तोवर वर चहा उतू, भात करपलेला. मॅडम करपलेला भात मुकाट्यानं खायच्या, आणि तेच मला जास्त लागायचं.

शेवटी आत्याबाईंनीच वैतागून तोड काढली. आमच्या घराचा स्लॅब डोंगरावरून दिसतो. काळी पाण्याची टाकी, शेजारी वाळवणाची दोरी, सगळं. त्या म्हणाल्या, "लेकरू खाऊन झोपलं की मी दोरीवर पिवळं लुगडं टाकीन. ताप-बीप आला तर लाल. लाल दिसलं तरच पळत ये. आन् न्हाईतर गप भात शिजव!"

"आणि चालली तर?"

"चालली तर तवाचं तवा बघू." त्याला काही रंग ठरला नाही.

बाप्पूमामांनी बिबट्या बघायला मिळालेली दुर्बीण मला दिली, कारण त्यांना ती लागत नव्हती. मागच्या पायरीवर बसून मी बघायची. हळूहळू सगळ्यांनाच सवय लागली. मॅडम मशीनवरून मान न वळवता विचारायच्या, "सोनाली, पिवळं दिसलं का?" दिसलं म्हटलं की त्यांचेही खांदे जरा खाली यायचे.

आणि एक दिवस बाप्पूमामा ओरडले, "लाल! पोरी, लाल लागलं!"

मी अनवाणीच पळाले. मॅडमनी जीप काढली. इम्रानभाई औषधाची पेटी छातीशी धरून मागं चढले. गल्लीत जीप अशी शिरली की कोंबड्या पत्र्यावर!

घरात आरू आत्याबाईंच्या मांडीवर बसून वरणात बुडवलेली भाकरी खात होती. आमच्याकडं बघून हसली. वर दोरीवर मंदाचं लाल लुगडं वाळत होतं. मंदा माझी चुलत जाऊ. तिची दोरी तुटली म्हणून तिनं आमच्या दोरीवर टाकलं होतं.

"लाल लुगडं वाळू घालायची बी आता चोरी का?" मंदा कमरेवर हात ठेवून उभी.

आत्याबाई उठल्या, गल्लीच्या मधोमध गेल्या आणि जाहीर केलं, "माझी सून डोंगरावर हाय तवर ह्या गल्लीत कुणी स्लॅबवर लाल कापड टाकायचं न्हाई! मागं परड्यात वाळवा!"

आणि गल्लीनं ऐकलं. नव्या सुनासुद्धा लाल लुगडी परड्यात वाळवायला लागल्या.

परतताना इम्रानभाई जीपमध्ये म्हणाले, "क्या भाबी! आमी इतके अर्ज करतो, आमची फ्रिक्वेन्सी कुणी मोकळी ठेवत न्हाई. तुमची एका ओरडण्यात रिझर्व झाली!"

*

डोंगराच्या पायथ्याला रावसाहेबांचं शेत. चांगलं मोठं बागाईत, पण रानडुकरांचा भारी त्रास. म्हणून त्यांनी कुंपणाला झटका मशीन लावली. तारेत थांबून थांबून विजेचा ठोका सोडते. डुक्कर शिवलं की किंचाळून पळतं.

इकडं वर काय झालं, यानाच्या सुरात ठोके ऐकू यायला लागले. टक्. टक्. टक्. इम्रानभाईंचा आनंद काय सांगू! "मॅडम, मंगळाची नाडी लागली!"

मॅडमनी डिश मंगळावरून बाजूला फिरवली. टक्. टक्. रिकाम्या आकाशाकडं केली. टक्. टक्. आता मंगळाची नाडी सगळ्या आभाळात कशी लागेल?

बाप्पूमामा चहाला आले होते. थोडं ऐकून म्हणाले, "ही तर रावसाहेबाची झटका मशीन."

"तुम्हाला कसं कळलं?"

"एकदा तार धरली व्हती. ह्योच ठोका हाय."

मग बोलणी झाली. रावसाहेब ऐकेनात. "मी मशीन बंद केली तर डुकरं काय मंगळाला हात जोडून बसणार हायेत का?" शेवटी ठरलं, मंगळ ऐकायची वेळ इम्रानभाई कळवणार, तेवढ्यापुरती मशीन बंद. त्या दिवसांत ती वेळ दिवेलागणीची होती.

थोडे दिवस बरे गेले. मग एक दिवस रावसाहेब काठी आपटत वर आले.

"मॅडम, तुमच्या मंगळाचं टाइमटेबल डुकरांना पाठ झालंय! मशीन बंद व्हायच्या आधीच कुंपणाभाईर लायनीत उभी ऱ्हात्यात!"

तेव्हापासून दिवेलागणीला मंगळ ऐकायचा असला की बाप्पूमामा भुईमुगात उभे राहून तेलाचा डबा बडवतात. बाहेरून पाहुणे आले आणि विचारलं, "मंगळाच्या हवेचा अभ्यास करायला काय काय साधनं लागतात?" तर इम्रानभाई एका दमात सांगतात, "डिश, कॉम्प्युटर आणि डबा."

*

याच रावसाहेबांचा अजून एक. मॅडमनी त्यांना चहाला बोलावलं, म्हटलं, ज्यांच्या शेंगा आपल्यापायी जातात त्यांना आपण करतो काय ते तरी कळू दे.

मॅडम सांगत होत्या, मंगळाला दोन छोटे चंद्र आहेत. त्यातला एक वेडावाकडा, बटाट्यासारखा. यान त्याच्या जवळून गेलं की तो यानाला किंचित ओढतो, सूर किंचित बदलतो, आणि त्यावरून त्या चंद्राचं वजन निघतं.

रावसाहेब कापूसवाले. जन्मभर व्यापाऱ्याच्या वजनकाट्यापाशी उभे राहिलेले. त्यांनी कान टवकारले. "आन् किती भरला?"

मॅडम म्हणाल्या, "गंमत तीच आहे. बाहेरच्या देशातल्या मोठ्या डिशांनी हे आधीच काढलंय. त्याच्या आकाराच्या मानानं तो हलका भरला. दिसतो तेवढा नाही."

रावसाहेबांनी कप खाली ठेवला, आमच्याकडं बघितलं आणि मांडीवर थाप मारली.

"मारला का न्हाई काटा! तिथं बी!"

मॅडम समजावत राहिल्या की तो आतून पोकळ-पोकळ असावा, फटी असाव्यात. रावसाहेब मानेनंच नाही म्हणत होते. जाताना दारात थांबून म्हणाले, "मॅडम, तुमी भोळ्या हायसा. पुढल्या बारीला वजन करताना काट्यापाशी आपला एक माणूस उभा करा."

*

आत्याबाईंना एकदा डिश बघायचीच होती. आरूला कडेवर घेऊन चढल्या. फोन घरीच राहिला होता, तर पेटीत कंबरेची पानसुपारीची चंची टाकली. म्हणाल्या, "नेम म्हणजे नेम."

त्या दिवशी यान मंगळाच्या मागं जाणार होतं. मॅडमचं सगळ्यात महत्त्वाचं काम ते. यान मागं जाताना आणि बाहेर येताना त्याचा सूर मंगळाच्या हवेतून गाळून येतो. तेवढ्या थोडक्या वेळात हवा किती गार, किती विरळ, सगळं कळतं. त्या वेळी छप्पर पडलं तरी मॅडम खुर्चीवरून उठत नाहीत. तोवर कधी उठल्या नव्हत्या.

आत्याबाईंसाठी इम्रानभाईंनी सूर स्पीकरवर लावला. ऊंऽऽऽ. आत्याबाईंनी डोळे मिटले. "आक्षी आरूच्या आज्यावानी," म्हणाल्या.

आणि सूर तुटला.

आत्याबाईंनी डोळे उघडले. "कुठं गेलं?"

म्हटलं, "मंगळाच्या मागं."

"मग आणा की भाईर!"

"ते आपण नाही आणायचं आत्याबाई, ते आपलं आपण येतं. आता थोडं जेवून घ्या."

"लेकरू आडोशाला गेलंय आन् तुमी जेवताय व्हय?" असं म्हणून त्या स्पीकरपुढं मांडी घालून बसल्या. पाण्याचा घोट नाही. आरू शेजारी सरकत सरकत केबलीचं टोक चाखत होती.

मी हळूच मॅडमना विचारलं, "येतंच ना दर वेळी?"

"येतं." मॅडमची नजर पडद्यावरच. "पण दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो."

ते ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे एवढं शिकूनसुद्धा गोळा येतोच!

सूर आला. आत्याबाई ताडकन उठल्या, माझ्या स्वयंपाकघरातून मीठ-मोहऱ्या घेतल्या, मशीनवरून ओवाळल्या आणि कडाकडा बोटं मोडली. इम्रानभाई दोन्ही हातांनी कीबोर्ड झाकत होते, "अम्मा, मीठ नक्को, मीठ नक्को, अंदर जाता!"

त्या दिवसाचा आवाज सगळ्यात स्वच्छ आला होता, असं मॅडमनी नंतर सांगितलं. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आता यान मागं जायच्या आधी इम्रानभाईच स्वयंपाकघरात डोकावतात. कुणाचं लक्ष नाही असं बघून म्हणतात, "भाबी, ते... मीठ?"

*

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

थंडीभर आमचं गाव अर्धं रिकामं असतं. माणसं ऊसतोडीला गेलेली, स्लॅब मोकळे, आणि त्यात आमचं पिवळं लुगडं एकटंच फडकायचं. डोळे मिटले तरी दिसायचं. पण पाडव्याच्या तोंडावर गाव परत आलं, आणि पाडव्याला सकाळी मी डोंगरावरून खाली बघितलं तर आमचं पिवळं कुठलं ते पटकन ओळखू येईना. घराघरावर गुढी! पिवळी, लाल, हिरवी, जांभळी. सगळं गाव एकदमच बोलायला लागलेलं.

इम्रानभाई शेजारी उभे राहून म्हणाले, "भाबी, आज लई इंटरफेरन्स हाय."

यानाला काही सणाची सुट्टी नसते, म्हणून आम्हालाही नव्हती. मी घरून पुरणपोळ्या करून आणल्या होत्या. निघायच्या आधी आरूला निळा फ्रॉक घातला, दोन्ही हात धरून उभी केली, हात सोडले. बसली. परत उभी केली. परत बसली आणि टाळ्या वाजवल्या. आत्याबाई म्हणाल्या, "जा तू. सणाचं रडू नको." पिवळं लुगडं त्यांनी त्या दिवशी गुढीलाच नेसवलं होतं. म्हणाल्या, "गुढी दिसली म्हंजी समदं ठीक."

वर आल्या आल्या मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, पाडवा उजाडला, आरू चालली नाही. उद्यापासून दुसरी बाई बघा."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "यान मागं जाऊन येऊ दे. मग बोलू."

यान मंगळामागं गेलं. स्पीकर गप्प झाला. मॅडम खुर्चीत, इम्रानभाई शेजारी. मी मागच्या पायरीवर. बाप्पूमामा पुरणपोळीचा घास मोडत माझ्याजवळ येऊन टेकले, खाली बघितलं आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या घरची गुढी कुठाय?"

मी बघितलं. सगळ्या गावाच्या गुढ्या उभ्या. आमच्या स्लॅबवर नाही.

गुढी दिवस मावळताना उतरवतात. भर दुपारी घरावरची गुढी खाली कधी येते, ते तुम्हाला सांगायला नको. मी दुर्बीण डोळ्याला लावली, आणि घाईत अशी फिरवली की आधी आभाळ दिसलं, मग लिंबाचं झाड, मग कुणाची तरी म्हैस. घर काही सापडेना. तोंडातून नुसतं निघालं, "मॅडम!"

आणि मॅडम उठल्या. बायांनो, उठल्या! यान बाहेर यायची वेळ झालेली, आणि खुर्ची सोडून बाहेर आल्या. माझ्या हातातून दुर्बीण घेतली. मशीनवर बोलतात तशा एकेक शब्द बोलायला लागल्या.

"लाल नाही. कुठंच लाल नाही. थांब. गुढी दिसली. आडवी आहे. हलतेय."

"आडवी?"

"तुझ्या आत्याबाईंनी काठी हातात धरलीय. त्या उलट्या पावली चालतायत. मागं मागं. काठीच्या टोकाला साखरेची गाठी लोंबतेय."

"आणि?"

"गाठीच्या खाली काहीतरी निळं आहे. बुटकं."

"सरकतंय का?"

मॅडमनी दुर्बिणीची चकती फिरवली.

"मॅडम, सरकतंय का ते?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "सरकत नाहीये. उभं आहे, सोनाली. उभ्यानं येतंय." मग श्वास घेतला. "टाकीमागं गेलं."

आतून इम्रानभाईंची आरोळी आली. "मॅडम! सिग्नल आला! यान भाईर आलं! मॅडम, या ना आत!"

"थांब रे!" मॅडम ओरडल्या. दुर्बीण तशीच डोळ्यांना. "इकडं अजून टाकीमागंच आहे!"

बाप्पूमामांनी पुरणपोळीचा हात कपाळावर आडवा धरला, डोळे बारीक केले, आणि घास गिळून म्हणाले, "न्हाई मॅडम. आली भाईर. गाठी तोंडात हाय."